पडद्याच्या उजव्या काठावरची तीन अक्षरं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे प्रमुख विश्वस्त, सन्माननीय डॉ. उदयसिंह सरनोबत साहेब. व्यासपीठावर बसलेले सर्व मान्यवर. छत्तीस वर्षांच्या सेवेनंतर आज आपला निरोप घेणाऱ्या, आपल्या रक्तपेढीच्या ज्येष्ठ तंत्रज्ञ श्रीमती शांतादेवी हत्तरकी, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या अक्का. गडहिंग्लजहून आलेली अक्कांची भावंडं, कर्मचारी बंधुभगिनींनो, आणि आजही रांगेत उभं राहून इथवर पोहोचलेले आपले जुने रक्तदाते...

ऐकू येतंय का मागं? येतंय. बरं.

मी राजवर्धन इंगवले. संस्थेच्या संगणक विभागाचा प्रमुख. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढं "मनोगत, पाच मिनिटे" असं छापलेलं आहे. अध्यक्षसाहेब, मला थोडा जास्त वेळ लागेल. त्याबद्दल सुरुवातीलाच परवानगी मागतो. नाही दिली तरी मी बोलणार आहे, हेही नम्रपणे सांगून ठेवतो.

अक्कांबद्दल आत्तापर्यंत बरंच गोड बोलून झालंय. त्या किती शिस्तीच्या, किती मायाळू. सगळं खरं आहे. पण परवा मी त्यांना विचारलं होतं, "अक्का, तुमच्याबद्दल काय बोलू?" त्या हातातली रक्ताची नळी उजेडाकडं धरून बघत होत्या. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "माझ्याबद्दल बोलाय बाकीची मानसं हायत की. तुला काय बोलायचं, ते तुला ठावं हाय, तम्मा."

सीमाभागातल्या मंडळींना "तम्मा" सांगायला नको. इतरांसाठी सांगतो, कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. चौदा वर्षं त्या मला त्याच नावानं हाक मारतायत. या शब्दाला मी किती जागलो, ते तुम्हीच ठरवा.

आता मला थोडं माझ्या कामाबद्दल सांगावं लागेल. कंटाळू नका, सोपं करून सांगतो.

मी इथं लागलो, तेव्हा आपल्याकडं देणगीत आलेले जुने, जाड पाठीचे मॉनिटर होते. त्यांच्यावर रंगीत चित्रं, खिडक्या, माऊस असलं काही चालायचं नाही. काळा पडदा आणि त्यावर हिरवी अक्षरं. एका ओळीत बरोबर ऐंशी अक्षरं मावायची. त्या पडद्यासाठी मी सी भाषेत एक प्रोग्राम लिहिला. खाली स्वागतकक्षात रक्ताची मागणी नोंदवली, की वर प्रयोगशाळेतल्या पडद्यावर एक ओळ उमटायची. अनुक्रमांक, रुग्णाचं नाव, दवाखाना, आणि ओळीच्या अगदी उजव्या टोकाला रक्तगट. तोपर्यंत मागणीचा कागद घेऊन शिपाई जिना चढायचा. माझ्या प्रोग्राममुळं कागद खालीच राहू लागला. त्याबद्दल याच सभागृहात माझा सत्कार झाला होता. शाल अजून घरी आहे.

दोन हजार सोळाच्या जुलैमध्ये मला सांगण्यात आलं, की तातडीच्या मागण्या लगेच डोळ्यांत भरल्या पाहिजेत. नावाच्या आधी काहीतरी खूण हवी. सूचना अगदी योग्य होती. मी ठरवलं, नावाआधी इंग्रजीत "अर्जंट"ची पहिली तीन अक्षरं आणि एक मोकळी जागा टाकायची. एकूण चार घरं.

पडद्यावर अक्षरं मांडण्यासाठी सी भाषेत एक लायब्ररी, म्हणजे आयत्या आज्ञांची पेटी, मिळते. तिच्यात अक्षरं मांडायचे दोन मार्ग आहेत. एका मार्गानं लिहिलं, की आधीची अक्षरं पुसून त्यांच्या जागी नवी बसतात. तसं केलं असतं, तर रुग्णाच्या नावाची पहिली चार अक्षरं गेली असती. म्हणून मी दुसरा मार्ग घेतला. त्यात नवी अक्षरं मध्ये घुसवता येतात. आधीची पुसली जात नाहीत, ती उजवीकडं सरकतात. एकदम सुबक काम. मग ओळ संपते तिथं काय होतं? सरकत सरकत जी अक्षरं काठापलीकडं जातात, ती जातात. पुढच्या ओळीवर येत नाहीत. संगणक चूक झाली म्हणून सांगत नाही, घंटा वाजवत नाही. त्या लायब्ररीच्या माहितीपत्रकात हे एका वाक्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते वाक्य वाचलेलं होतं.

मग मी तपासून बघितलं नाही का? बघितलं. माझ्या टेबलावर, माझ्या नव्या लॅपटॉपवर. त्याची ओळ शंभराच्या वर अक्षरांची होती. उजवीकडं भरपूर मोकळी जागा. माझं स्वतःचं नाव घातलं, तातडी लावली, सगळं छान सरकलं. वर प्रयोगशाळेत जाऊन जुन्या मॉनिटरवर एकदा बघायचं, एवढंच राहिलं. एक जिना चढायचा होता.

सोमवारी मी तो बदल चालू केला. मंगळवारी बेंदराचा सण होता आणि अक्का माहेरी गेल्या होत्या. प्रयोगशाळेत आदर्श एकटा होता. नव्या मंडळींना आदर्श माहीत नसेल. हुपरीचा मुलगा, तेव्हा सव्वीस वर्षांचा, दीड वर्षापूर्वी लागलेला. हात हलका आणि कामाला वाघ. त्या दुपारी त्याच्याकडं एका तासात तीन तातडीच्या मागण्या आल्या. त्यातली एक होती क्रांती नावाच्या बाईची. चंदगड तालुक्यातली, बाळंतपणासाठी कोल्हापूरच्या एका दवाखान्यात दाखल झालेली. मुलगा झाला होता आणि रक्तस्राव थांबत नव्हता. तिचा गट बी निगेटिव्ह. खालच्या कागदावर तसंच लिहिलेलं होतं. खाली टाईपही तसंच झालं. वर पडद्यावर माझी चार घरं मध्ये घुसली, आणि उजव्या टोकाची चार घरं काठावरून खाली पडली. एक मोकळी जागा आणि इंग्रजी "निगेटिव्ह"ची पहिली तीन अक्षरं. उरलं फक्त "बी".

आपल्या जुन्या वह्या ज्यांनी बघितल्या आहेत, त्यांना आठवेल. पॉझिटिव्ह असेल तर आपण नुसता गट लिहायचो. शंभरात पंचाण्णव माणसं पॉझिटिव्ह, कोण कशाला लिहीत बसतंय? निगेटिव्ह असेल तेवढंच लिहायचं. त्यामुळं नुसता "बी" बघून आदर्शला शंका यायचं काही कारणच नव्हतं.

नियम सांगतो, की आलेल्या नमुन्याचा गट आपण पुन्हा तपासायचा. आदर्शनं तो तपासला नाही. नमुना आणि पिशवीतलं रक्त एकमेकांना चालतंय का, एवढं बघितलं. ते चाललं. निगेटिव्ह माणसाला पॉझिटिव्ह रक्त पहिल्यांदा देताना त्या चाचणीत काही दिसत नाही, हे इथल्या निम्म्या लोकांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पिशवी गेली. त्या दवाखान्यातही घाईत कुणी दोन कागद शेजारी ठेवून वाचले नाहीत. पण ते त्यांचं. मी आपल्याबद्दल बोलायला उभा आहे.

क्रांती वाचली. चार दिवसांनी बाळाला घेऊन घरी गेली.

शनिवारी सकाळी अक्का माझ्या टेबलाशी आल्या. त्या माझ्या खोलीत कधीच यायच्या नाहीत. हातात एक नळी होती.

"तम्मा, तुझा पडदा ओ म्हणतोय. माझी नळी ओ निगेटिव्ह म्हणतीया. कोण खोटं बोलतंय?"

मी म्हणालो, "खाली टाईप करताना चुकलं असेल."

"खालचा कागद बघून आलो मी. कागद पन निगेटिव्हच म्हणतोय." कोल्हापूरच्या बायका "आलो" म्हणतात, ते पाहुण्यांनी समजून घ्यावं. "चल वर."

मी वर गेलो. ऐंशी अक्षरांच्या त्या पडद्यासमोर उभा राहिलो. एका नजरेत कळलं. तातडीची ओळ होती आणि तिचं शेपूट गायब होतं. बाकीच्या साध्या ओळी अगदी शाबूत. अक्कांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि सोमवारपासूनचे तातडीचे सगळे कागद खालून मागवून घेतले. नऊ होते. आम्ही दोघं एकेक कागद दिलेल्या पिशवीच्या नोंदीशी जुळवत गेलो. आठ जुळले. नववा क्रांतीचा.

अशा वेळी पुढच्या मुलाचा धोका टाळणारं एक इंजेक्शन असतं. पण ते पहिल्या तीन दिवसांत द्यावं लागतं. अक्कांनी बोटावर मोजलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. पाचवं बोट त्यांनी उघडलंच नाही.

त्याच दुपारी अध्यक्षसाहेबांच्या दालनात बैठक झाली. साहेब, तुम्ही होता. मी कुणावर आरोप करायला उभा नाही, जे झालं ते सांगतोय. रुग्ण सुखरूप आहे, तक्रार नाही, अशी चर्चा झाली. अक्का म्हणाल्या, "तिला सांगाय पायजे." त्या पुन्हा म्हणाल्या, "आनि यंत्रात कायतरी चुकतंय." मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. तुम्ही मला सरळ प्रश्न विचारलात, "इंगवले, प्रोग्राममध्ये दोष आहे का?"

मी म्हणालो, "नाही सर. प्रोग्राम सांगितल्याप्रमाणंच चालतोय."

हे वाक्य खोटं नव्हतं. त्या लायब्ररीनं जे करायचं कबूल केलं होतं, तेच केलं होतं. चूक सांगणाऱ्याची होती, आणि सांगणारा मी होतो. पण माझ्या लग्नाला तेव्हा तीन महिने झाले होते, नोकरी कायम व्हायची होती, आणि जीभ उचलेना. हे कारण म्हणून सांगत नाही. दुसरं काही कारण नव्हतं, म्हणून सांगतोय.

अक्का माझ्याकडं बघत राहिल्या. बाहेर आल्यावर जिन्यात मी त्यांना विचारलं, "तुम्ही का नाही बोलला?"

"तू सांगशील म्हणून मी गप बसलो," त्या म्हणाल्या.

रविवारी दुपारी मी तो प्रोग्राम गुपचूप दुरुस्त केला. पाच ओळींचं काम होतं. सोमवारी चौकशीला माणसं आली, तेव्हा पडदा स्वच्छ होता. आदर्शला काढून टाकण्यात आलं. त्याच्या पत्रात एक वाक्य होतं, "पडद्यावरील रक्तगट निष्काळजीपणे चुकीचा वाचला." त्या वाक्यामुळं त्याला पुढं कुठल्याही प्रयोगशाळेनं उभं केलं नाही.

पुढच्या रविवारी अक्कांनी मला सकाळी साडेसहाला स्टँडवर बोलावलं. का, ते सांगितलं नाही. मला ठाऊक होतं. चंदगडची एसटी धरली. पाऊस असा, की खिडकीतून काजूची झाडंसुद्धा नीट दिसेनात. वाटेत त्या एकदाच बोलल्या. "तिथं तू बोलनार का मी?"

मी खिडकीची काच पुसत राहिलो. "बरं," त्या म्हणाल्या.

क्रांतीचं घर भाताच्या खाचरांच्या कडेला. दारात तिच्या सासूबाई, झुंबरबाई. "या पावणं," म्हणून त्यांनी घोंगडी अंथरली. गुळाचा चहा आला. क्रांती बाळाला मांडीवर घेऊन बसली. तेवीस वर्षांची होती. अक्कांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. "बाळा, तुझं रगात निगेटिव्ह. तुला चढीवल्याली पिशवी पॉझिटिव्ह हुती. तुला आता काय व्हनार न्हाय. पन पुढचं मूल रहायल्यावर त्येला धोका हाय. म्हनून दिवस गेलं, की दुसऱ्या महिन्यातच माझ्याकडं यायचं."

क्रांतीनं एकच विचारलं, "मी ह्येला पाजू का न्हाय मग? ह्येला काय व्हईल का?"

"पाज की. त्येला कायबी व्हत न्हाय."

झुंबरबाई उठून उभ्या राहिल्या. "चूक कुनाची?"

मी माझ्या पायाकडं बघत होतो. चिखलानं बूट भरले होते. ते मला अजून दिसतात.

अक्का म्हणाल्या, "आमची."

"आमची म्हंजे? हात कुनाचा हुता?"

अक्का म्हणाल्या, "मीच धरा की."

झुंबरबाईंनी अक्कांच्या हातातली चहाची कपबशी काढून घेतली. अजून अर्धा चहा होता तीत. म्हणाल्या, "जावा आता. तुम्ही सांगाय आलासा, म्हनून शिव्या देत न्हाय."

परतीच्या एसटीत मी रडलो. अक्कांनी मला पुसायला पदर दिला नाही, की पाठीवर हात ठेवला नाही. त्यांनी तिकीट नीट घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. तुम्ही मघापासून ऐकलंय, की अक्का फार मायाळू आहेत. त्या दिवशी त्या तशा नव्हत्या, आणि मला आज वाटतं, बरं झालं.

दोन हजार एकोणीसला क्रांतीला पुन्हा दिवस गेले. अक्कांनी मोठ्या अक्षरांत लिहून दिलेला कागद घेऊन ती दुसऱ्या महिन्यात आली. तिच्या शरीरात पॉझिटिव्ह रक्ताविरुद्धची प्रतिद्रव्यं तयार झालेली होती. पहिल्या बाळंतपणातूनही असं होऊ शकतं, असं तेव्हा कुणीतरी म्हणालं. अक्कांनी पहिल्या मुलाचं रक्त तपासलं. तो आईसारखाच निगेटिव्ह. म्हणजे दुसरा रस्ताच नव्हता. त्या पिशवीशिवाय हे होणार नव्हतं.

त्या सात महिन्यांत क्रांतीच्या प्रत्येक तपासणीला अक्का स्वतः दवाखान्यात गेल्या. आठव्या महिन्यातच मुलगी झाली. जन्मतः पिवळी. दोन वेळा तिचं सगळं रक्त बदललं. दोन्ही वेळच्या पिशव्या अक्कांनी स्वतः तपासल्या, स्वतः नेऊन दिल्या. झुंबरबाई बाहेर बाकावर बसलेल्या असायच्या. अक्का समोरून आल्या, की तोंड फिरवायच्या. अक्का पिशवी देऊन तशाच परत यायच्या.

मुलगी जगली. आज सहा वर्षांची आहे. तिला ऐकू येत नाही. कावीळ कानाच्या नसेपर्यंत पोहोचली होती. वेळेवर कळलं म्हणून जगली, असं डॉक्टर म्हणाले. ते अक्कांचं श्रेय. ऐकू येत नाही, ते माझं.

आणि या नऊ वर्षांत माझं काय झालं? मी कायम झालो. विभागप्रमुख झालो. गेल्या वर्षी आपले जुने मॉनिटर भंगारात गेले, तेव्हा त्यांची यादी मीच केली आणि सही मीच केली.

गेल्या रविवारी मी हुपरीला गेलो होतो. आदर्श आता काकांच्या घरी पैंजणांना डाग लावायचं काम करतो. म्हणजे चांदीच्या कड्या एकमेकींना जोडायच्या. मी त्याला म्हणालो, "अक्कांच्या निरोपाला मी सगळं सांगणार आहे. तू ये."

त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "नऊ वर्सं लागली व्हय, सर?"

मी त्याच्यासमोर खाली बसलो.

मग हातातलं काम खाली ठेवून म्हणाला, "मी येनार न्हाय. माझीबी चूक हायच. गट तपासाय पायजे हुता, न्हाय तपासला. ती चूक माझी, मी न्हाय म्हनत न्हाय. पन माझ्या कागदावर लिवलंय, की मी पडद्यावरचं चुकीचं वाचलं. मी चुकीचं न्हाय वाचलं, सर. जे हुतं, त्येच वाचलं. तेवढं एक वाक्य काढा."

अध्यक्षसाहेब, हा माझ्या सहीचा जबाब. सोळा साली प्रोग्राममध्ये काय होतं, मी काय बदललं, कधी लपवलं, सगळं यात आहे. जुन्या प्रोग्रामची प्रतही जोडली आहे. मी तेव्हा ती पुसली नव्हती. का पुसली नाही, ते मलाही सांगता येणार नाही. माझी विनंती आहे, की हा जबाब आजच्या इतिवृत्तात घ्यावा आणि आदर्शच्या पत्रातलं ते वाक्य संस्थेनं लेखी मागं घ्यावं. माझ्या बाबतीत संस्था जे ठरवेल, ते मला मान्य आहे. राजीनामा सोबत ठेवलाय. तो स्वीकारायचा की आधी चौकशी करायची, हे तुमच्याकडं.

साहेब, घ्या ना.

...आभारी आहे.

अक्का, तुम्ही उठू नका. बसा. एवढं एकच राहिलंय.

तिसऱ्या रांगेत निळ्या साडीत क्रांतीताई बसल्या आहेत. शेजारी झुंबरबाई. अक्कांनी बोलावलं, म्हणून आज पहाटेच्या गाडीनं आल्या. ताई, त्या दिवशी तुमच्या घरी अक्कांबरोबर एक माणूस आला होता. घोंगडीच्या कोपऱ्यावर बसला होता, एक शब्द बोलला नव्हता. तो मी. झुंबरबाई, तुम्ही विचारलं होतं, हात कुणाचा होता. अक्कांचा नव्हता. अक्का त्या दिवशी कोल्हापुरात नव्हत्याच. तुम्ही नऊ वर्षं ज्या बाईकडं पाठ फिरवली, तिनं तुमच्या नातीला वाचवलं. हात माझा होता.

आभार मानायची रीत आहे, ती पाळतो. मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षसाहेबांचे, शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे आणि या नऊ वर्षांतही मला तम्माच म्हणत राहिल्याबद्दल अक्कांचे आभार. आनंदाच्या कार्यक्रमात मी हे आणलं, वेळ जास्त घेतला, कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, शब्द वाकडा गेला असेल, तर ते तेवढं पोटात घाला. बाकीचं पोटात घाला, असं मी या सभागृहाला म्हणणार नाही. ते तुमच्या हातात नाही.

व्यासपीठावरच्या माझ्या खुर्चीवर मी आता परत बसत नाही. खाली तिसऱ्या रांगेत जातो. झुंबरबाईंना मला काही बोलायचं असेल. ते मी उभं राहून ऐकतो.

नमस्कार.